खुली बाराखडी

१

येडगावच्या वाचनालयातलं तिसरं कपाट. 'शेती व यंत्रे' असं लिहिलेल्या खणात दोन जाड पुस्तकांच्या मध्ये बोटभर फट पडली होती. कुशाबाई भिसे त्या फटीकडे बघत होत्या आणि नूतन रणपिसे कुशाबाईंच्या चेहऱ्याकडे.

"हितंच व्हती," कुशाबाई म्हणाल्या. वाचनालयाच्या किल्ल्या गेली अकरा वर्षं त्यांच्याच कमरेला होत्या. "निळ्या पुठ्ठ्याची वही. दोन ऑगस्टला कपाटं पुसली, तवा म्या सोताच्या हातानं ठिवली."

"आज एकवीस ऑगस्ट. मधे कोणी नेली?"

"नेली आसती तर रजिस्टरात नाव आसतं. नाव न लिवता नेली, म्हंजी नेली न्हाई ताई, चोरली."

त्यांनी रजिस्टर पुढे केलं. कुशाबाईंचं अक्षर टपोरं होतं. 'बाराखडी वही, कल्याणी आहेर यांजकडून भेट, २६ जानेवारी.' त्याखाली वही नेणाऱ्यांची तीनच नावं होती. फेब्रुवारीत भागुजी असवले, मार्चमध्ये हर्षाली गायकवाड, मेमध्ये दादाभाऊ नेहरकर. तिघांनीही ती परत केली होती.

रेडिओ परवान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्यात नूतनची एकोणीस वर्षं झाली होती. चोरटे वायरलेस सेट तिने शोधले होते, खोटे परवाने पकडले होते. हाताने लिहिलेल्या एका वहीसाठी गावच्या वाचनालयात मात्र ती पहिल्यांदाच उभी होती.

"त्या वहीत काय होतं, तुम्ही पाहिलं होतं?"

"चवकटी व्हत्या. क का कि. आमच्या शाळंतल्या पाटीवानी." कुशाबाईंचा आवाज खाली आला. "कल्याणीचं काय वाईट तर न्हाई ना व्हनार? लई गुनाची पोर हाय ती."

नूतनने रजिस्टरातली तीन नावं उतरवून घेतली. वही सापडली नाही, तर तिच्या अहवालात कल्याणी आहेर ही गुप्त संदेश पाठवणारी बाई ठरणार होती. तिचं यंत्र तर त्याच दिवशी सकाळी नूतनने स्वतः बंद केलं होतं.

२

सकाळी नऊ वाजता ती आणे पठारावर पोचली होती. बाजरीच्या शेताच्या कडेला पत्र्याची एक खोली, खोलीवर बांबूच्या खांबांना ताणून बांधलेली तार. आत मोटारींचे जळके स्टार्टर, उघडे पंप, आणि खिडकीजवळच्या टेबलावर रेडिओ. छत्तीस वर्षांची कल्याणी आहेर विहिरींच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायची. हौशी रेडिओचा परवाना तिने सहा वर्षांपूर्वी परीक्षा देऊन मिळवला होता, आणि तो भिंतीवर काचेच्या चौकटीत लावला होता.

नूतनने तक्रार वाचून दाखवली. खाली सही नव्हती.

"आणे पठारावरील केंद्रातून दररोज सकाळी सात वाजता सांकेतिक स्वरूपाचे प्रक्षेपण होते. शेहेचाळीस सूर वापरले जातात. अखेरचा सूर किंचित खाली उतरतो. पलीकडील केंद्र डोंगरात असून तेथून झऱ्याच्या गढुळ पाण्यासारख्या बाबी कळवल्या जात असाव्यात, असा संशय आहे. ही पद्धत नवी आहे. ती हौशी परवान्यात बसते किंवा नाही, याचा लेखी निर्णय व्हावा."

कल्याणीचा चेहरा उतरला, पण आवाज ठाम राहिला. "पद्धत नवी आहे हे खरं. मीच केली."

"का?"

"दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात भागुजी गुरुजी मला बोलावत होते. ते आश्रमशाळेतून निवृत्त झालेत, आंबेगावच्या पश्चिमेला डोंगराखाली कोंढारवाडीत राहतात. तिथं मोबाईलला रेंज नाही. रेडिओवर ते एकच शब्द चाळीस वेळा ओरडत होते आणि मला नुसती खरखर ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी कळलं, ते 'दरड' म्हणत होते. माणसं वाचली, पण त्यात माझा काही हात नव्हता."

मग तिने कागद ओढून चौकट आखली. उभी छत्तीस व्यंजनं, आडवे दहा स्वर. शाळेतली बाराखडीच. प्रत्येक व्यंजनाला एक सूर, प्रत्येक स्वराला एक सूर. दोन सूर एकापाठोपाठ वाजले की एक अक्षर. तीन सेकंदांना एक अक्षर, म्हणजे बैलगाडीच्या चालीने, पण खरखर कितीही असली तरी लॅपटॉप ते सूर वेचून काढतो. ताकद फक्त दोन वॅट.

"बाराखडीत स्वर बारा असतात," नूतन म्हणाली.

"ऱ्हस्व-दीर्घ एकच केलं, वेळ वाचतो. अः काढून तिथं अक्षराचा पाय मोडायची खूण ठेवली, जोडाक्षरासाठी."

नूतन त्या चौकटीकडे बघत राहिली. मोठमोठ्या देशांतल्या अभियंत्यांनी काढलेल्या पद्धती तिने पाहिल्या होत्या. त्या सगळ्या इंग्रजी अक्षरांवर उभ्या होत्या. मराठी माणूस पहिलीत शिकतो तीच चौकट हवेत सोडता येईल, हे मोटारी दुरुस्त करणाऱ्या या बाईला सुचलं होतं.

पण तिचं काम कौतुकाचं नव्हतं.

"तुमचा परवाना चोख आहे," ती म्हणाली. "लहरींचा पट्टा बरोबर, ताकद मर्यादेत. अडचण एकच. हौशी रेडिओवर अर्थ लपवून बोलता येत नाही. तुमचं हे बोलणं तुम्ही दोघं सोडून कोणाला कळतं?"

"वही वाचेल त्याला. सगळं लिहून येडगावच्या वाचनालयात ठेवलंय. माझे पहिले रेडिओ-गुरू दादाभाऊ नेहरकर, त्यांनीच सांगितलं होतं, आधी सगळ्यांसमोर ठेव, मग पाठव. परवानगीचंही ते विचारणार होते. उत्तर यायचंय म्हणाले."

नूतनने तिथूनच वाचनालयात फोन लावला. पलीकडून कुशाबाईंचा घाबरा आवाज आला. वही जागेवर नव्हती.

"मी दुसरी लिहून देते," कल्याणी म्हणाली. "दोन दिवसांत."

"आज लिहिलेल्या वहीवरून आजचं कळेल. जानेवारीपासून ती सगळ्यांना खुली होती, हे कळणार नाही."

आणि तिच्या मनात आणखी एक गोष्ट आली, पण ती तिने बोलून दाखवली नाही. वही अशी वेळेवर हरवणं कल्याणीच्याही सोयीचं असू शकतं. खरी वही पाहिली तर ती अपुरी निघाली असती का?

तिने प्रक्षेपणाच्या बटणावर कागदी सील चिकटवलं. "ऐकायला बंदी नाही. पाठवायचं नाही."

कल्याणी पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. "मॅडम, गुरुजी सकाळी पाऊस आणि झऱ्याचं पाणी कळवतात. मी आकडे बघते, तालुक्याला फोन करते आणि त्यांना उत्तर देते. उत्तर आल्याशिवाय वाडी हलत नाही. घाटावर तीन दिवस पाऊस लागून राहिलाय."

"म्हणूनच माझ्याकडे फार वेळ नाही," नूतन म्हणाली आणि येडगावकडे निघाली.

३

वाचनालयातून ती खोडदला गेली. शेतांच्या मधोमध रेडिओ-दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांच्या कुंपणाबाहेर एक बाई कांद्याची रोपं लावत होती. हर्षाली गायकवाड तिथं तंत्रज्ञ होती. तिशीची, बोलण्यात तुटक.

"आकाशातलं ऐकताना जमिनीवरचा नको तो सिग्नल मधे आला, तर तो शोधणं हे माझं काम," ती म्हणाली. "त्यामुळे तुम्हाला माझाच संशय येणार."

"तक्रार तुम्ही केली?"

"केली असती तर सही करून केली असती."

"मार्चमध्ये वही कशाला नेली होती?"

"एका पानासाठी. कुठल्या पट्ट्यात, किती ताकदीने पाठवणार ते बघायचं होतं. खरं तर ती स्वतःच माझ्याकडे आली होती. पाच वॅटने पाठवायचा विचार होता तिचा. म्हणाली, तुमच्या दुर्बिणीला त्रास होत असेल तर सांगा, मी पद्धत बदलते. मग दोनवर आणली. दोन वॅट, मॅडम! झोपायच्या खोलीतला दिवा त्याहून जास्त खातो. एवढ्यावर तिचा आवाज अर्धा जिल्हा ओलांडतो." तुटक बोलणाऱ्या हर्षालीचा आवाज एकदम मोकळा झाला. "आमच्या नोंदींत तिचा एकही व्यत्यय नाही. मी रोज मुद्दाम बघते."

"सिग्नलबद्दल काही वेगळं जाणवलं?"

हर्षालीने संगणकावर आलेख काढला. "सेट तापला की शेवटचा सूर तीन हर्ट्झ खाली घसरतो. जुना सेट आहे, दुसरं काय."

"संदेश वाचता तुम्ही?"

"दुसऱ्याची पत्रं वाचायची सवय नाही मला."

निघताना नूतनने विचारलं, "वही कोणी नेली असेल?"

हर्षालीने आलेख बंद केला. "ही पद्धत ज्याला आवडत नाही त्याने. आणि असा आमच्याकडे एकच माणूस आहे. तुम्ही त्यांनाच भेटायला निघालात ना?"

४

दादाभाऊ नेहरकरांचं घर येडगाव धरणाच्या पाण्याच्या बाजूला होतं. बहात्तर वर्षांचा ताठ म्हातारा. फौजेत सिग्नलमन होते, गावी आल्यावर त्यांनी जुन्नर आणि आंबेगावातल्या तेवीस माणसांना मोर्सचं कट्ट-कडकट्ट शिकवून रेडिओच्या परीक्षेला बसवलं होतं. ओट्यावर सकाळचं वर्तमानपत्र पडलं होतं. त्यात लाल पेनाने सात-आठ ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलेलं होतं.

"सवय हाय," त्यांनी हसून सांगितलं. "बोलायला आमी गावठी, पर लिवायला चूक खपत न्हाई."

"कल्याणीची पद्धत तुम्हाला कशी वाटते?"

"मला नाय आवडत. मशीननं बोलायचं अन् मशीननं ऐकायचं. मानसानं काय करायचं मंग?"

"मेमध्ये वही नेली होतीत."

"वाचली, दिली. रजिस्टरात हाय."

"परवानगीबद्दल तुम्ही विचारणार होतात, असं कल्याणी म्हणाली."

म्हाताऱ्याच्या कपाळावर शीर उठली. "इचारनार व्हतो? सात पत्रं टाकली, मॅडम. पयलं दीड वर्साखाली. ही पद्धत चालंल का न्हाई, एवढंच इचारलं व्हतं. एकाचंबी उत्तर न्हाई. चालत न्हाई म्हनून तरी सांगावं मानसानं!"

नूतनने मान खाली घातली. ती पत्रं तिच्याच खात्यातल्या कुठल्या तरी टेबलावर पडली असणार.

"सकाळी मी तिचं यंत्र सील केलं," ती म्हणाली.

दादाभाऊंच्या हातातलं पेन निसटून ओट्यावर पडलं. "सील? कशापायी? नुसतं इचारून जायचं ना!"

"वही नाही म्हणून."

ते काहीतरी बोलणार होते. मग ते उठून आत गेले, पाणी प्यायले, आणि बाहेर आले तेव्हा वेगळंच बोलले. "तुमच्या गाडीचा पट्टा सैल झालाय. वळनावर कुईकुई करीत आली. बगून घ्या."

वळण तिथून चारशे पावलांवर होतं.

नारायणगावच्या विश्रामगृहात पोचल्यावर, दिवेलागणीच्या वेळी, नूतनने ती तक्रार तिसऱ्यांदा वाचली. भाषा सरकारी, नेटकी. 'किंवा', 'याचा', 'व्हावा', सगळं शुद्ध. मग एका शब्दावर तिची नजर अडली. तिने शब्दकोश मागवला नाही, शाळेतच पाठ झालेलं होतं. ढू दीर्घ हवा. इथं ऱ्हस्व होता.

तिने कल्याणीला फोन लावला. "झरा गढूळ झाल्याचं गुरुजींनी कधी कळवलं होतं?"

"या वर्षी एकदाच. नऊ ऑगस्टला. नंतर पाणी निवळलं."

"तुमच्या लॅपटॉपवर तो शब्द कसा उमटला? 'ढ' कसा आहे, बघून सांगा."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज. "ऱ्हस्व. मी सांगितलं ना, आमच्या बाराखडीत दीर्घ नसतंच."

"उद्या सकाळी पावणेसातला सगळ्यांना तुमच्या खोलीत बोलवा," नूतन म्हणाली. "दादाभाऊंनाही."

५

पठारावर वारा होता, पाऊस नव्हता. पश्चिमेकडे मात्र डोंगर दिसतच नव्हते, तिथं नुसती काळी भिंत उभी होती. खोलीत कल्याणी रेडिओसमोर, हर्षाली दाराशी, कुशाबाई पंपाच्या खोक्यावर आणि दादाभाऊ खिडकीत. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. रात्रभर डोळा लागला नसावा, असा चेहरा.

"तक्रार करणारा आणि वही नेणारा माणूस एकच आहे," नूतनने सुरुवात केली. "हे पत्र लिहिणारा शुद्ध लिहितो. पण 'गढुळ' हा शब्द त्याने स्वतःच्या मनाने लिहिलेला नाही. तो त्याने बाराखडीतून उतरवून घेतला आणि जसाच्या तसा ठेवला. म्हणजे नऊ ऑगस्टचा संदेश त्याने वाचला. सूर ओळखणारा संगणक-कार्यक्रम फक्त दोन लॅपटॉपवर आहे. तिसऱ्या माणसाला वाचायचं असेल तर वही हवी, आणि वही दोन तारखेनंतरच कपाटातून गेली."

"आमच्यातलंच कोनी?" कुशाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"तुमच्याकडे रेडिओ नाही, कुशाबाई. गुरुजींनी तो शब्द स्वतः पाठवला होता, त्यांना तो उतरवून घ्यायची गरज नव्हती. राहिल्या हर्षाली. शेवटचा सूर घसरतो, हे त्यांनाही माहीत आहे. पण त्या तीन हर्ट्झ म्हणाल्या. पत्रात आहे 'किंचित खाली उतरतो'. हे आलेख पाहून लिहिलेलं नाही. हे कानाने ऐकलेलं आहे. चारशे पावलांवरचा गाडीचा पट्टा ज्याला ऐकू येतो, त्या कानाने."

कल्याणी सावकाश वळली. "दादाभाऊ?"

म्हाताऱ्याने पिशवीतून निळी वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"तुम्ही माझी तक्रार केलीत?" कल्याणीचा आवाज चिरकला. "तुम्ही? माझा हात धरून कट्ट-कडकट्ट शिकवणारे तुम्ही?"

"थांबा," नूतन म्हणाली. "मलाही काल इथपर्यंतच कळलं होतं. मग वाटलं, इतका काटेकोर माणूस स्वतःच्या तक्रारीत असा शब्द का सोडेल, ज्याच्यावरून ही भाषा वाचता येते हेच सिद्ध होतं? चूक असती तर लाल पेनाने दुरुस्त झाली असती. आणि तक्रार करणारे कारवाई मागतात. यांनी 'लेखी निर्णय' मागितला. दादाभाऊ, तुम्हाला ही तक्रार हरायला हवी होती ना?"

दादाभाऊंनी होकारार्थी मान हलवली.

"सात पत्रं टाकली, कोनी हुंगलं न्हाई. मंग म्हनलं, प्रश्न इचारला तर कागद झोपतो, तक्रार केली तर गाडी येती. आली का न्हाई? धाव्या दिवशी आली." त्यांनी कल्याणीकडे बघायचं टाळलं. "उद्या कोनी खरा वैरी उठला आस्ता अन् भर पावसात हिचं यंत्र उचलून नेलं आस्तं, तर? त्याआधी सरकारचा कागद हिच्या हातात पायजे व्हता."

"आणि वही?"

"परीक्षा घ्यायची व्हती. मशीन न्हाई, हिला इचारायचं न्हाई, नुसती वही अन् कान. परक्या मानसाला वाचता येतं का? रजिस्टरात नाव लिवलं आस्तं तर ही धावत आली आस्ती समजावून द्यायला. पाच-सा दिवस लागले. पर आलं मला. मशीननं ऐकायचं म्हनून मी नाक मुरडत व्हतो, ते कानानं आलं. लई सुरेख बांधलीय गं पोरी तू. लई सुरेख." त्यांनी वहीच्या निळ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "वही परत ठिवायच्या आधी ह्या आल्या. सील झालं म्हनल्या तवा माझी जीभच टाळूला चिकटली. तेवढं मातर माझं पाप हाय."

त्याच क्षणी रेडिओतून सूर उमटला.

सात वाजले होते. खरखरीच्या तळातून एक उंच सूर, एक खालचा. मग पुन्हा. कल्याणी लॅपटॉपकडे झेपावली, पण नूतनने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लॅपटॉपचं झाकण पडदा दिसणार नाही इतकंच खाली केलं. वही तिने मिटलेलीच ठेवली.

"दादाभाऊ, वाचा."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. बोटं गुडघ्यावर चालू लागली, जणू अदृश्य चौकटीत उभे-आडवे सरकत होती.

"झ... रा... ग... ढु... ळ." ते थांबले. "पा... उ... स... दो... न... शे... द... हा." बोटं थांबली, पुन्हा चालू झाली. "ज... मि... न... भे... ग." त्यांनी डोळे उघडले. "उत्तर द्या म्हनतोय."

मग परत तेच. झरा गढुळ. जमिन भेग. उत्तर द्या.

नूतनने झाकण उघडलं. लॅपटॉपच्या पडद्यावर तीच अक्षरं उमटलेली होती, एकही इकडचं तिकडे नाही.

तिने पुढे वाकून सील फाडलं.

"मोडी आज फारशी कोणाला वाचता येत नाही, म्हणून ती गुप्त लिपी ठरत नाही. ज्याला शिकायची तो शिकू शकतो," ती म्हणाली. "माझा निर्णय झाला. पाठवा."

६

कल्याणीचा एक हात कळफलकावर होता, दुसऱ्या हातातल्या फोनवर ती तालुक्याशी बोलत होती. 'वाडी सोडा. शाळेत जा. मदत निघाली.' तीन सेकंदांना एक अक्षर. नूतनला आयुष्यात कुठलीही गोष्ट इतकी हळू वाटली नव्हती. दोन वॅटचा तो आवाज पठारावरून निघून त्या काळ्या भिंतीत शिरत होता, आणि पलीकडे एक निवृत्त शिक्षक सौर पॅनेलवर भरलेल्या बॅटरीवर तो ऐकत होता.

पोच आली. 'निघालो.'

त्यानंतर साडेतीन तास काहीच आलं नाही. कुशाबाईंनी स्टार्टरच्या खोक्यांमधून स्टोव्ह शोधून चहा केला. हर्षालीने कामावर उशीर होईल असं कळवलं. नूतनने खोक्यावर बसून हाताने अहवाल लिहिला. 'सदर पद्धतीचे संपूर्ण वर्णन सार्वजनिक ठिकाणी उपलब्ध होते. केवळ त्या वर्णनाच्या आधारे, कोणत्याही यंत्राशिवाय, त्रयस्थ व्यक्तीने माझ्यासमोर संदेश अचूक वाचला. अर्थ लपवण्याचा हेतू नाही. परवान्याच्या अटी पाळून ही पद्धत वापरण्यास माझ्या मते हरकत नाही.' सही केली, तारीख घातली, आणि कागद कल्याणीच्या हातात दिला.

"वरिष्ठांकडे याची प्रत जाईल. त्यांना काही विचारायचं असेल तर ते मला विचारतील. आणि त्या सात पत्रांची उत्तरं मी स्वतः शोधून पाठवीन."

कल्याणीने कागद वाचला. मग खिडकीत एकट्या बसलेल्या दादाभाऊंकडे गेली.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं आस्तं तर मॅडमनी इचारल्यावर तुला खोटं बोलावं लागलं आस्तं. तुला जमलं नसतं."

"नसतं जमलं. पण काल संध्याकाळी गुरुजींनी मला दोनदा बोलावलं, दादाभाऊ. मी ऐकत बसले होते, हात बांधून. ते मी इतक्यात विसरणार नाही."

"नको इसरू," म्हातारा म्हणाला.

मग त्यांच्या हातातला गार झालेला चहा तिने काढून घेतला आणि गरम आणून दिला.

अकराला दहा कमी असताना सूर आला. सगळे एकदम उठले. पडद्यावर अक्षरं एकेक करून पडू लागली. 'दरड आलि. दोन घरं, गोठा गेला. माणसं शाळेत. मोजलि. छप्पन्न.'

"वाडीत सत्तावन्न आहेत," कल्याणी पुटपुटली. तिने तेवढंच पाठवलं. 'एक कोण?'

उत्तर यायला अर्धं मिनिट लागलं. 'द्रौपदाबाइ. मागं फिरलि.'

कुशाबाईंनी हात जोडले. द्रौपदाबाई कोण, हे खोलीतल्या कोणालाच माहीत नव्हतं. नूतनने घड्याळ पाहिलं, मग बघायचं सोडून दिलं. हर्षाली दारात उभी राहून पश्चिमेकडे बघत होती, तिथून काही दिसण्यासारखं नव्हतं तरी. दादाभाऊंनी खुर्ची रेडिओजवळ ओढली आणि कान लावला. बावीस मिनिटं नुसती खरखर.

मग त्यांचा हात वर झाला. पडद्यावर अजून काही उमटलं नव्हतं.

"स... त्ता... व... न्न," ते म्हणाले, आणि त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर पाणी उतरलं. "गप, आजून हाय. शे... ळि... स... क... ट."

कल्याणीने तोंडावर हात दाबला. ती हसत होती की रडत होती, ते नूतनला सांगता आलं नसतं.

"सत्तावन्न," दादाभाऊंनी पुन्हा सगळ्यांना सांगितलं, "बाई आली, शेळीसकट."